भिंगरीची मावशी

दोघी बहिणींची घरं एकाच रस्त्यावर होती, मध्ये फक्त एक चौक. तरी सहा वर्षं त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एकाच रस्त्यावर राहून न बोलणं सोपं नसतं, त्यासाठी रोज मेहनत घ्यावी लागते. धाकटी डावीकडच्या फुटपाथवरून जायची, ताई उजवीकडच्या. कोपऱ्यावरच्या प्रार्थनाघरात धाकटी सकाळी जायची, ताई संध्याकाळी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण ठरवल्यासारखं बिनचूक चाललं होतं.

थोरलीला सगळा रस्ता ताई म्हणायचा. चौकापलीकडच्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या टेबलावर उभी असायची. धाकटीला घरात धाकटीच म्हणत, आणि ती ज्या चष्म्याच्या दुकानात काम करायची तिथंही तेच नाव चिकटलं, कारण दुकानाच्या मालकीणबाई त्यांच्या आईची मैत्रीण. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून धाकटी काचा घासायची. गोल काच पाण्याच्या धारेखाली फिरत्या चाकावर धरायची, फ्रेमच्या आकाराची झाली की फ्रेममध्ये बसवायची. भिंगांचं काम करणाऱ्या बाईची मुलगी म्हणून, आणि पोरगी एका जागी ठरतच नव्हती म्हणूनही, धाकटीच्या मुलीचं नाव भिंगरी पडलं.

भिंगरी दोन वर्षांची असताना ते झालं. तिचे बाबा जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला, वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर. धाकटी दुकानात गेली की भिंगरी ताईकडे असायची. त्या दिवशी ताईनं आंघोळीचं कढत पाणी बादलीत ओतलं आणि गार पाणी मिसळायच्या आत दाराची घंटा वाजली. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. तेवढ्यात भिंगरीनं बादली स्वतःकडे ओढली होती. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला.

हॉस्पिटलच्या जिन्यात धाकटी ताईला म्हणाली, "तुला स्वतःचं मूल असतं ना, तर तू दार उघडायला गेली नसतीस."

ताईला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी तिच्या उशाशी धाकटीच बसली होती. कुठं दुखतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. ताई कठडा धरून जिना उतरली आणि निघून गेली. त्यानंतर तिनं भिंगरीसाठी दोनदा फळं पाठवली, धाकटीनं दोन्ही वेळा दारातूनच परत पाठवली. मध्ये ताईचा नवरा गेला. धाकटी तिच्या दारापर्यंत गेली, माणसांच्या मागं थोडा वेळ उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परतली. घरी आल्यावर तिला वाटलं, आपण आत जायला हवं होतं. पण एकदा परत आल्यावर पुन्हा कसं जायचं हे तिला सुचलं नाही, आणि न सुचण्यातच वर्षं गेली.

भिंगरीचा हात बरा झाला. कातडी सुरकुतलेली, गुलाबी राहिली, पण हात चांगला चालायचा. धाकटी मात्र बरी झाली नाही. शेगडीवर पाणी असलं की तिचा पाय स्वयंपाकघरातून निघायचा नाही. पातेल्यांचे दांडे भिंतीकडे वळवून ठेवायची, आणि वळवले की नाही हे बघायला पुन्हा यायची. भिंगरी आठ वर्षांची झाली तरी तिला शेगडीच्या आसपास फिरकायची परवानगी नव्हती. दुकानात काच घासता घासता एकदम तिच्या मनात यायचं, शाळेत काही झालं तर नसेल, आणि हातातली काच एका बाजूनं जास्त घासली जायची. मालकीणबाई वाया गेलेल्या काचा एका डब्यात टाकत आणि काही बोलत नसत.

रोज सकाळी प्रार्थनाघरात बसून ती आईनं शिकवलेलं म्हणायची, "देवा, आजचा दिवस तुझ्या हातात." आणि बाहेर पडल्या पडल्या दिवस परत स्वतःच्या हातात घ्यायची.

धाकटीच्या गळ्यावरची गाठ पहिल्यांदा मालकीणबाईंनी पाहिली. "मान वर कर बघू," त्या म्हणाल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातली ग्रंथी अर्धी काढावी लागेल, काढल्यावर तपासावी लागेल, आणि तपासेपर्यंत कुणी काही सांगू शकणार नाही. चार दिवस हॉस्पिटलात. नंतर काही आठवडे आवाज बसलेला राहील. नवऱ्याला सुट्टी मिळेल म्हणून धाकटीनं पहिली तारीख पुढं ढकलली. जहाज भलत्याच बंदराकडे वळलं. दुसरी तारीख मागायला गेली तेव्हा डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "मी हव्या तेवढ्या तारखा देईन हो. पण गाठ काही तारखा पाळत नाही."

भिंगरीला समोरच्या शेजारणीकडे ठेवायचं ठरलं. शेजारीण हौसेनं तयार झाली. आणि ऑपरेशनला दोन दिवस राहिले असताना दुपारी ती बॅग भरूनच धाकटीच्या दारात उभी राहिली. तिच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या.

"मी काय करू गं," शेजारीण रडवेली होऊन म्हणाली. "पोटची पोर आहे."

"जा तुम्ही. आमचं होईल काहीतरी."

दार लावल्यावर धाकटी तिथंच जमिनीवर बसली. मालकीणबाईंना स्वतःलाच उठायला हात द्यावा लागायचा. नवऱ्याकडचं कुणी जवळ नव्हतं. तिनं मनातल्या मनात सगळी दारं ठोठावून पाहिली. तारीख परत पुढं ढकलायची असं ठरवून ती उठली, तेवढ्यात दप्तर फेकून भिंगरी आत आली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मग मावशी आहे की."

"कुठली मावशी?"

"लाँड्रीतली. ती माझी मावशीच आहे ना? आपल्याला बघितलं की रस्ता बदलते ती."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. रस्ता आपण बदलतो, हे तिच्या ओठांवर आलं होतं.

लाँड्रीत दुपारची गर्दी ओसरली होती. ताई मागच्या टेबलावर हॉटेलच्या चादरी करत होती. चादरीचं एक टोक दुमडायची, हातानं सारखं करायची, इस्त्री फिरवायची, वाफेचा फुसकारा यायचा, की पुढची घडी. तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. धाकटीला हे रस्त्यापलीकडून कधी दिसलं नव्हतं. ताईनं मान वर केली आणि इस्त्री उभी करून ठेवली.

धाकटीनं येता येता पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. गाठ, तारीख, शेजारीण, चार दिवस. ताई तिच्या गळ्याकडे बघत ऐकत होती. शेवटी तिनं टेबलाची कड धरली.

"नाही," ती म्हणाली. "माझ्यानं नाही व्हायचं."

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. इथं यायला आपल्याला किती जड गेलं, आता ताई रडेल, हो म्हणेल, एवढंच तिनं धरलं होतं. नकार तिच्या हिशेबातच नव्हता.

"म्हणजे?"

"मी मूल सांभाळत नाही. कुणाचंच. इथं बायका पाच मिनिटं पोर बघा म्हणतात, तेव्हासुद्धा मी मागं निघून जाते." मग आवाज खाली आणून ताईनं विचारलं, "तू मला माफ केलंस म्हणून आलीस, की दुसरं कुणी नाही म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण समोर ताई होती, आणि लहानपणापासून तिच्यापुढं धाकटीचं एकही खोटं टिकलं नव्हतं.

"दुसरं कुणी नाही म्हणून."

ताईनं मान हलवली. "खरं बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली आणि इस्त्री उचलली. "हाताला घाम आलाय बघ माझ्या. नुसतं तिचं नाव काढलंस तरी. जा आता, चादर पिवळी पडेल."

धाकटी बाहेर पडली ती आधी रागानं. मीच जाऊन उभी राहिले आणि हिला भाव खायचाय. चौक ओलांडेपर्यंत राग उतरला आणि त्याच्याखाली जे होतं ते वर आलं. ताईच्या हातांना घाम आला होता. पोरीच्या नुसत्या नावानं. आपल्याला जशी भीती वाटते तशीच तिला वाटते, हे धाकटीला सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. भीती फक्त आपल्याच वाट्याला आली असं ती धरून चालली होती.

त्या संध्याकाळी भिंगरीला मालकीणबाईंपाशी बसवून ती ताईच्या वेळेला प्रार्थनाघरात गेली. आत साताठ माणसं होती. ताई शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. धाकटी तिच्या शेजारी जाऊन बसली. ताई सरकली नाही, उठलीही नाही. माणसं एकेक करून गेली.

"तू काय मागतेस इथं?" शेवटी धाकटीनं विचारलं.

"आधी माफी मागायचे. मग सोडलं. तो द्यायला तयार असेलही, पण घ्यायची कशी ते मला कळेना." ताई हलक्या आवाजात बोलत होती. "आता एकच मागते. तिचा हात आखडू नये. भाजलेली कातडी वाढत्या वयात ओढली जाते म्हणतात. हात सरळ राहू दे, एवढंच. रोज."

"राहिला सरळ," धाकटी म्हणाली. "झाडावर चढते."

"माहितेय. शाळेच्या मैदानात दिसते मला."

आपल्या मुलीसाठी देवापुढं रोज बसणारी आपण एकटीच नाही, हे धाकटीला त्या बाकावर कळलं. ती सकाळी मागून जायची आणि संध्याकाळी दुसरी कुणीतरी येऊन त्याच पोरीसाठी मागायची, दोघींच्या मध्ये फक्त दिवसभराचं अंतर. तिला रडू येईल असं वाटलं, पण आली ती लाज.

"ताई, त्या दिवशी जिन्यात मी जे बोलले—"

"नको."

"बोलू दे. तुझं कुठं दुखतं ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले. तू पाणी मुद्दाम सोडलं नव्हतंस. मी मात्र मुद्दाम बोलले."

"ते मी अजून माफ केलेलं नाही," ताई म्हणाली. "करायचंय. इथं येऊन बसते तेव्हा वाटतं, आज होईल. होत नाही."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत येऊन बसते."

बाहेर पडताना दारातच ताई थांबली. "उद्या घेऊन ये तिला," ती म्हणाली. "पण सांगून ठेवते, माझ्या घरात चार दिवस पाणी तापणार नाही. गार पाण्यानं आंघोळ करावी लागेल तिला."

"ती तर नाचेल. तिला आंघोळच नको असते."

ताईच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं भिंगरीला ताईच्या घरी सोडलं. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, घरात साबणाचा वास. धाकटी सूचना देत सुटली. दूध कोमट, खिडकीची कडी, शाळेत जाताना हात धरायचा, झोपेत पांघरूण काढते. ताई प्रत्येक सूचनेला "बरं" म्हणत होती आणि प्रत्येक "बरं"बरोबर आणखी पांढरी पडत होती. भिंगरी तोवर घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून आली होती.

"मावशी, तूच मला भाजलंस ना?" तिनं सरळ विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "माझ्याकडून झालं ते."

"मला काही आठवत नाही त्यातलं. तुम्हांलाच कसं आठवतं एवढं?" भिंगरी म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन खालचा रस्ता बघू लागली.

धाकटी जिना उतरली. प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं, परत वर जावं, पोरीला घ्यावं आणि घरी जाऊन दार लावून बसावं. गाठीचं काय व्हायचं ते होवो. खाली फुटपाथवर ती बराच वेळ उभी राहिली. मग हॉस्पिटलकडे चालू लागली.

सकाळी तिला हिरवा गाऊन दिला. हातात सुई खुपसली, बांगड्या काढून घेतल्या. मोबाइल तेवढा उशीखाली राहिला होता. भिंगरी आता ताईबरोबर शाळेच्या वाटेवर असणार. फक्त आवाज ऐकायचा म्हणून तिनं ताईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

तिनं परत लावला. परत तेच.

ताईनं काल संध्याकाळीच फोन पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवून दाखवला होता. वाजला की लगेच उचलेन, असं म्हणाली होती. धाकटीला पाणी दिसलं, बादली दिसली, मग खिडकी दिसली, जिची कडी जरा सैल होती. तिनं पाय पलंगावरून खाली सोडले.

"कुठं निघालात?" नर्स म्हणाली. "तुम्हाला न्यायला आलेत."

"माझी मुलगी... फोन उचलत नाहीयेत. मला एकदा जाऊन यायचंय."

"सुई लावलीय हाताला. डॉक्टर आत उभे आहेत." नर्स कठोर नव्हती, पण तिला असल्या आया रोज भेटत असाव्यात. "मुलगी कुणापाशी आहे?"

धाकटीनं तोंड उघडलं. काय सांगायचं? जिच्या हातून एकदा झालं, तिच्यापाशी?

"बहिणीपाशी," ती म्हणाली.

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

"मग झालं तर," नर्स म्हणाली आणि मोबाइलसाठी हात पुढं केला.

स्ट्रेचरवर आडवी होऊन ती लांबलचक बोळातून निघाली. वर दिवे एकामागून एक सरकत होते. तिनं रोजचं म्हणायला सुरुवात केली, आजचा दिवस तुझ्या हातात. आणि अडली. आजचा दिवस देवाच्या हातात आहे म्हणजे नेमका कुणाच्या? भिंगरीचा हात आत्ता जो धरलाय, तो ताईचा. ताईवर भरवसा नाही आणि देवावर आहे, असं आज तरी म्हणता येणार नव्हतं. दोन्ही एकदम सोडावं लागणार होतं, किंवा दोन्ही एकदम धरावं लागणार होतं. तिला शांत वगैरे काही वाटलं नाही. दात वाजत होते. "ताईच्या हातात," ती पुटपुटली. तोंडावर मास्क आला, कुणीतरी मोठा श्वास घ्यायला सांगितलं, आणि तिनं भीतीसकट घेतला.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. गळ्याभोवती पट्टी, घशात वाळू भरल्यासारखं. नर्सनं बजावलं, दोन दिवस बोलायचं नाही. तिनं खुणेनं मोबाइल मागितला. नर्स म्हणाली, "फोन कशाला? बाहेर आलीच आहेत ती."

भिंगरी धावत आत आली. तिच्या हनुवटीवर पांढरी जाड पट्टी होती आणि फ्रॉकच्या गळ्यावर तपकिरी पडलेले रक्ताचे डाग.

धाकटी उठून बसायला गेली. आतून जे वर आलं ते तिच्या ओळखीचं होतं. तोच राग, तेच शब्द, सहा वर्षांपूर्वी जिन्यात आले होते त्याहून धारदार. तिनं तोंड उघडलं. फुसकारा निघाला. आवाजच नव्हता.

"पाच टाके पडले मला," भिंगरी सांगत होती. "मी रडलेच नाही. म्हणजे पहिल्यांदा रडले. मी धावत जिना उतरत होते ना, मावशी म्हणत होती थांब थांब, आणि मी सटकन. मावशीनं मला उचलून पळवलं, अख्खा रस्ता. एवढी मोठी मी. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आजी, आता खाली ठेवा तिला. मावशीला आजी म्हणाले ते."

ताई दारातच उभी होती. आत आली नव्हती. डावी बाही कोपरापर्यंत रक्तानं कडक झालेली, पिशवी छातीशी धरलेली. मान खाली नव्हती. आता जे यायचं ते येऊ दे, अशी ती उभी होती.

धाकटीनं डोळे मिटून घेतले. राग जाईना. बरं, बोलता येत नव्हतं, त्यामुळे तो बाहेरही पडेना. आत नुसता फिरत राहिला. जेव्हा तिनं डोळे उघडले, ताई तिथंच होती.

"मी दाराला कुलूप लावत होते," ताई म्हणाली. आवाज कोरडा होता. "तेवढ्यात ती पुढं पळाली. टाके घालत होते तेव्हा तुझा फोन आला. मी बघितला. दोन्ही वेळा बघितला. उचलला असता तर तू टेबलावरून उठून आली असतीस. म्हणून नाही उचलला." ती थांबली. "आता काय म्हणायचं ते म्हण."

"आईला दोन दिवस बोलायचं नाहीये," भिंगरी म्हणाली. "मावशी, तू नशीबवान आहेस."

दाराला कुलूप लावायला किती वेळ लागतो? धाकटी पडल्या पडल्या विचार करत राहिली. मीसुद्धा कुलूप लावलंच असतं. मागच्या वर्षी बागेत भिंगरी झोपाळ्यावरून पडली, समोरचा दात तुटला, तेव्हा मी कुठं होते? झोपाळ्याजवळच. हातभर अंतरावर. त्या दिवशी मी स्वतःला किती बोल लावले? संध्याकाळपर्यंत. जेवणाच्या वेळेला माझी मला माफी मिळालीसुद्धा होती. आणि ही बाई सहा वर्षं शेवटच्या बाकावर बसतेय.

आणि आज सकाळी हिनं तो वाजणारा फोन हातात धरला, आपल्या माथी पुन्हा काय येणार हे पुरतं माहीत असून. आपल्यासाठी.

तिनं पलंगावर आपल्या शेजारी हात थोपटला. ताईला समजलं नाही, किंवा समजलं आणि खरं वाटलं नाही. धाकटीनं पुन्हा थोपटला. तरी ती हलेना, तेव्हा भिंगरीच गेली आणि तिला ओढत घेऊन आली. ताई पलंगाच्या अगदी कडेला टेकली, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता येईल अशी. धाकटीनं तिचा हात हातात घेतला. मनगटावर इस्त्रीच्या वाफेनं पोळल्याच्या बारीक खुणा होत्या, जुन्या आणि नव्या. हात बर्फासारखा गार पडला होता.

धाकटीनं ओठ हलवले. आवाज आला नाही, पण शब्द दोनच होते आणि ओठांवरून वाचता येण्यासारखे होते. माफ कर.

ताईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. वॉर्डात कुणाची तरी भांड्यांची गाडी खडखडत गेली.

"हो," ताई म्हणाली.

मग तिचा खांदा हलायला लागला आणि ती पिशवीत तोंड लपवून रडली, सकाळपासूनचं आणि त्याच्या आधीचंही. भिंगरी गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. शेवटी तिनं आपली हनुवटी पुढं करून दोघींना सांगितलं, फारसं दुखत नाही.

तपासणीचा निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडा धाकटीचा जीव टांगणीलाच होता, आणि हॉस्पिटलातून सुटल्यावर ताई तिच्याच घरी राहायला आली होती, म्हणून ताईचाही. दोघी एकमेकींची काळजी वाढवायच्या. एक खिडकी बघून आली की दुसरी जाऊन बघायची. भिंगरी म्हणाली, आता मला दोन आया झाल्यात, एकच पुरे होती. निकाल चांगला आला. डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला तेव्हा ताईनं त्यांना तो परत वाचायला लावला, आणि त्यांनी न चिडता वाचला.

भीती काही गेली नाही. ताई अजूनही भिंगरीच्या आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये पाऊल टाकत नाही, आणि धाकटी दुकानात अजूनही अधूनमधून काच वाया घालवते. एकदा तर कुठल्याशा फालतू गोष्टीवरून दोघींचं चांगलंच वाजलं, आणि तीन दिवस ताई आली नाही. धाकटीला वाटलं, झालं, परत तेच. चौथ्या दिवशी ती स्वतःच लाँड्रीत गेली आणि बसक्या आवाजात म्हणाली, "जेवायला ये." ताई म्हणाली, "एवढ्या चादरी होऊ दे."

त्या दिवशी ताई आली, हात धुतले आणि ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेली. सहा वर्षांत धाकटीनं सगळी भांडी इकडची तिकडे केली होती. ताईनं एक कपाट उघडलं, त्यात पिठाचे डबे. दुसरं उघडलं, त्यात चादरी. आजारपणात ताटं भिंगरीच काढून आणायची. आता धाकटीनं बाहेरूनच सांगितलं असतं, पण घसा दुखत होता, आणि तशी घाईही नव्हती. ती टेबलापाशी बसून राहिली आणि आतल्या कपाटांची दारं एकेक करून उघडल्याचा आवाज ऐकत राहिली.